खंडेनवमीचा नारळ

मित्रांनो, मी एक जुना रेचा आहे. कापसातून सरकी उपटून काढायची, एवढे एकच काम मला येते.

माझा जन्मच मारात झाला. ओतशाळेत मला वितळवले, साच्यात कोंबले आणि थंड झाल्यावर वर घण घातले. परभणीच्या स्टेशनावर मालगाडीतून उतरवताना मी एका हमालाच्या पायावर पडलो. झरीच्या रस्त्यावरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात पोहोचलो, तेव्हा त्याचे रक्त माझ्या अंगावर वाळले होते. मालकाने ते धुऊन काढले आणि त्याच जागी कुंकू लावले.

पट्टा फिरू लागला की माझ्या चामडी लाटा, म्हणजे रूळ, कापूस आत ओढत आणि पाती आपटून सरकी तोडत. पुढून पांढरीशुभ्र रुई निघे. मालक पाठीवर थाप मारून म्हणे, "वाघ हाय हा माझा!" त्या कौतुकाने मी फुगून जाई. वाघापुढे कोण उभे असते, हे मात्र मी कधी पाहिले नाही.

पुढे बाया उभ्या असत. ओट्यावर उभे राहून मला कापूस भरवत. दर खंडेनवमीला माझी पूजा झाली की मुकादम बन्सीधर त्यांना एकेक करून बोलावी. माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "हंगाम संपेपर्यंत काम सोडणार न्हाई, घरात पाळणा बांधणार न्हाई." शपथ घेतली तर काम, नाही तर फाटक.

धुरपताबाईने शपथ घेतली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. पोट आवळून तिने सातव्या महिन्यापर्यंत टोपली उचलली. एका दुपारी बन्सीधरच्या ते ध्यानात आले. "देवाची खोटी शपथ घेतीस?" म्हणत त्याने तिला लाथ घातली. ती ओट्यावरून खाली पडली. बाळ तिथेच, सरकीच्या ढिगावर गेले. मी चालूच होतो. मला थांबता येत नाही, थांबवावे लागते.

दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. त्या खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी महादेवी मला पुसत होती. शांत बाई. गळ्यात लिंग, त्याची पूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसे. सोमवार कधी मोडला नाही. दुष्काळी कामावर खडी फोडताना तिचे पाचव्या महिन्यातले गेले होते. पुन्हा दिवस गेले तर चौथ्यानंतर ओझे उचलायचे नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. नवरा गुरुसिद्धप्पा दम्याने खाटेला खिळलेला. घर तिच्याच मजुरीवर चाले.

तिने शेजारी झाडणाऱ्या सरजाबाईला विचारले, "सरजामाय, मला औंदा लेकरू पाहिजे. मालकाला आत्ताच सांगू, का नंतर?"

"दिवस गेलेत का?"

"अजून न्हाई."

"मग येडी का काय तू? म्हैस पाण्यात अन् ताक घुसळायलीस! लेकरू पोटात हालंस्तोवर त्वांड उघडू नको."

"अन् उद्याची शपथ?"

सरजाबाईने माझ्या दातात अडकलेला कापूस उपटला. "हा पुंजका तळव्याखाली धर. शपथ कापसाला लागती, लोखंडाला न्हाई. आमी समद्या तसंच करतो."

"धुरपतामायनंबी धरला होता ना?"

सरजाबाईचा झाडू थांबला. मग हळूच म्हणाली, "धरला होता."

सकाळी मला झेंडू घातला, भस्म लावले, नारळ पुढे ठेवला. फाटकाबाहेर पहिल्या वेचणीच्या गाड्यांची रांग लागली होती. बाया एकेक येऊन मूठभर कापसावर शपथ घेऊन गेल्या. महादेवीची पाळी आली. सरजाबाईने दिलेला पुंजका तिने कमरेतून काढला, माझ्यापुढे ठेवला आणि हात जोडून उभी राहिली.

"मालक, खोटं बोलणार न्हाई. मला लेकरू व्हावं म्हणून व्रत धरलंय. देवानं ऐकलं तर चौथ्या महिन्यापस्तोर राबीन. फुडं माझी जाऊ गौराबाई येईल माझ्या जागी. बाळंत झाले की माझी जागा मला द्या."

मालक हिशेबनिसाकडे पाहू लागला. बन्सीधर मात्र हसला. "पाळण्याचा पत्ता न्हाई अन् रजा मागायलीस? हात ठिव!"

"न्हाई ठेवत."

त्याने तिचे मनगट धरले. पिळले. काकणे फुटून माझ्या पत्र्यावर पडली. तिचा तळवा त्याने माझ्या तोंडाशी दाबला आणि धाक दाखवायला पायाने पट्टा चालू करायचा दांडा ढकलला.

मी फिरलो.

मित्रांनो, मला कापूस आणि करंगळी यातला फरक कळत नाही. लाटांनी तिचे बोट धरले, पात्याने वरचे पेर तोडले. तिची किंकाळी पट्ट्याच्या आवाजावरून गेली. हात आणखी आत जाणार, तेवढ्यात सरजाबाईने पूजेचा नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्या जबड्यात कोंबला. करवंटी कडाडली. पाते मोडून उडाले आणि बन्सीधरचा गाल जबड्यापर्यंत चिरीत गेले. पट्टा सुटून सापासारखा जमिनीवर आपटला.

मी थांबलो. माझ्या तोंडातून खोबरे गळत होते, लालभडक.

सरजाबाईने पदर फाडून महादेवीचे बोट बांधले. बाया ओट्यावरून उतरल्या आणि फाटकात जाऊन बसल्या. मालक धावत आला. "अगं गाड्या उभ्या हायत! सणावाराचं काय हे? महादेवी, तुझी जागा राहील, जा."

"असं न्हाई," सरजाबाई म्हणाली. "मशीनवर हात ठेवून म्हणा."

मालकाने हात ठेवला. तिची जागा राहील, असे पुटपुटला.

"मालक, हात उचला."

तळव्याखाली कापसाचा पुंजका होता.

धुरपताबाई, जी बाळ गेल्यापासून हसली नव्हती, खदखदून हसली. "अरे देवा! ह्येलाबी ठावं हाय!" मालकाने मान खाली घातली, धोतराला हात पुसला आणि उघडा तळवा माझ्या रक्ताळलेल्या लोखंडावर ठेवला. यावेळी शब्द फाटकापर्यंत ऐकू गेले. बन्सीधरला त्याच दिवशी काढले.

पौषात दिवस गेल्याचे महादेवीने स्वतःच सांगितले. वैशाखापासून गौराबाई तिच्या जागी उभी राहिली. भाद्रपदात मुलगी झाली. पुढच्या खंडेनवमीला शपथ नव्हती. महादेवीने मला नारळ वाहिला आणि उरलेल्या नऊ धड बोटांनी पहिला घास भरवला.

आता नवी यंत्रे आली आहेत. मी जिनामागच्या लिंबाखाली गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला तेल द्या न द्या. पण कोणाचा हात माझ्यावर ठेवायला लावाल, तेव्हा आधी बघा, पट्ट्याचा दांडा कोणाच्या पायाशी आहे. मी लोखंड आहे. मला थांबता येत नाही, थांबवावे लागते.