हेल्मबर्गची जादू आणि राजगिऱ्याचे दाणे

"वाह!"

मंडळात सगळ्यात जाणकार मानल्या जाणाऱ्या शिवगंगाबाईंनी डोळे मिटून मान डोलावली आणि लातूरजवळच्या मुरुडच्या श्रवण मंडळात एकच वाहवा उसळली. तेलाच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जेमतेम पंधरा माणसं यायची. आज चाळीस होती, जिन्यातली वेगळीच. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या चकचकीत अ‍ॅम्प्लिफायरवर होते. हेल्मबर्ग! नुसतं नाव घेतलं तरी माणसं आवाज खाली आणत होती.

"बघा, आवाजावरचा पडदा उठला!" लातूरच्या शोरूममधून आलेला रुद्रेश हात पसरून म्हणाला. "आतली तार चांदीची. तिच्यातून वीज वाहत नाही काका, ध्यान करते! आता तुमचा जुना ऐका."

त्यानं स्विचच्या पेटीवरचं बटण फिरवलं. तबकडी तीच, स्पीकर तेच, फक्त आता आवाज लालमहंमदच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येत होता. लालमहंमद म्हणजे गावातला रेडिओ दुरुस्त करणारा. बावीस वर्षांपूर्वी त्यानं हा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं जोडून मंडळाला दिला होता.

"आरारारा," मंडळाचा थट्टेखोर बजरंग म्हणाला. "घोंगडीखालून गाऊन राहिल्यासारखं वाटतंय की!"

हॉल हसला. लालमहंमदही हसला, पण त्याची मान खाली गेली.

वैजनाथराव स्पीकरला खेटून बसले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होते ते. उपकरणं मांडायची आणि शिक्षकांच्या मागं उभं राहायचं, एवढीच सवय. पडदा उठलेला त्यांना काही दिसला नव्हता. नवा थोडा ठसठशीत वाटला, इतकंच. पण मंडळाचा रिवाज असा, की पहिली दाद बाईंची. बाईंनी 'वाह' म्हटलं की सगळ्यांनी म्हणायचं, आणि न म्हणणारा बहिरा. म्हणून त्यांनीही हळूच 'वाह' म्हणून घेतलं होतं. आपलेच कान म्हातारे झाले असतील, दुसरं काय!

खरी अडचण पुढंच होती. हेल्मबर्गच्या बदल्यात लालमहंमदचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटातल्या चारशे दुर्मिळ तबकड्या शोरूमला द्यायच्या ठरल्या होत्या. त्यातली एकेक तबकडी वैजनाथरावांनी मऊ फडक्यानं पुसून, पाकिटावर सुवाच्य अक्षरात नाव लिहून ठेवलेली. टेम्पो खाली उभा होता आणि कागदावर सही हवी होती सचिवाची, म्हणजे त्यांचीच.

"करा काका सही," रुद्रेशनं पेन हातात दिलं. "तोवर शेवटचं एकदा ऐकवतो."

पेन घ्यायला वैजनाथरावांनी हातातली कागदी प्लेट स्पीकरच्या खोक्यावर ठेवली. तिच्यात राजगिऱ्याच्या लाडवाचा चुरा उरला होता. हेल्मबर्ग सुरू झाला. तबल्याच्या प्रत्येक थापेसरशी प्लेटमधले दाणे टुणटुण उडाले. बटण फिरलं, लालमहंमदचा अ‍ॅम्प्लिफायर लागला. थाप तीच, पण दाणे जागच्या जागी नुसते थरथरले.

वैजनाथरावांनी चष्मा पुसला. बटण पुन्हा फिरलं. परत तेच! दाण्यांना काही बाईंच्या मागं दाद द्यायची नव्हती.

"मला... एक विचारायचं होतं," ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. आपलंच काही चुकत असलं तर? एवढ्या लोकांत हसं होईल. मग त्यांची नजर तबकड्यांच्या कपाटाकडं गेली. "थांबा! नव्याचा आवाज मोठा सोडलाय. दाणे बघा!"

लोक वाकून वाकून बघू लागले. लालमहंमदनं खिशातला टेस्टर काढला आणि स्विचची पेटी उलटी केली. तळाशी दोन बारीक स्क्रू होते, एकेका अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमीजास्त करायला. "या अल्ला! वैजनाथराव, माझ्या बाजूचा स्क्रू पिळून ठेवलाय की! आवाज अर्ध्या रस्त्यातच अडवलाय."

"ते... शोरूमची सेटिंग असते," रुद्रेश पुटपुटला. "आम्हाला असंच शिकवलंय."

"लई ग्वाड शिकवलंय," बजरंग म्हणाला.

दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर दाणे सारखेच उडेपर्यंत लालमहंमदनं स्क्रू फिरवला. मग वैजनाथरावांनी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर आणि पेटीवर चादर टाकली. नाणं उडवून बजरंगनं चादरीखालून बटण फिरवायचं, असं पाच वेळा. बाकीच्यांनी तोंडातून अक्षर न काढता चिठ्ठीवर लिहायचं: नवा, जुना, नाहीतर कळत नाही.

"आणि दाद?" कुणीतरी विचारलं.

"आज दाद बंद," वैजनाथराव म्हणाले आणि स्वतःच्याच धिटाईनं दचकले.

चिठ्ठ्या उघडल्या तर बरोबर उत्तरं जितकी, चूकही तितकीच. रुद्रेशची पाचातली तीन चुकली. लालमहंमदनं स्वतःचाच अ‍ॅम्प्लिफायर दोनदा हेल्मबर्ग म्हणून लिहिला होता. "लेकराला बापानंच ओळखलं न्हाई!" बजरंगनं टाळी दिली.

वैजनाथरावांनी पाचही वेळा 'कळत नाही' लिहिलं होतं. अशीच आणखी एक चिठ्ठी निघाली. अक्षर शिवगंगाबाईंचं होतं.

"बाई, तुम्ही?"

"हाव. मघाशीही काही कळलं नव्हतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "या शोरूमच्या पोरानं सगळ्यांसमोर म्हटलं, 'बाईंच्या कानाला फरक कळणारच.' मग नाही कसं म्हणू? मी म्हटलं वाह, आणि तुम्ही सगळे माझ्या मागं आलात."

वैजनाथराव चाचरत उभे राहिले.

"हेल्मबर्ग वाईट नाही. चांगलंच यंत्र आहे. पण लालमहंमदभाईंचंही चांगलंच आहे. जादू यंत्रात नव्हती, त्या स्क्रूत होती, आणि थोडी आपल्या भिडेत. जरा मोठा आवाज कानाला गोड लागतोच, त्यात लाज कसली? नाव कितीही मोठं असो, झाकून तपासावं. आणि नाही कळलं तर नाही कळलं म्हणावं. माझ्याच्यानंही ते मघाशी झालं नाही."

त्यांनी सही न करताच कागद परत दिला. टेम्पो तबकड्यांशिवाय, हेल्मबर्ग घेऊन परत गेला. रुद्रेश मात्र चहाला थांबला.

लालमहंमदनं एक जुनी तबकडी लावली. सूर लागला तरी कुणी तोंड उघडेना. बाई वैजनाथरावांकडं वळल्या. "सचिव, आज पहिली दाद तुमची."

वैजनाथरावांनी हात वर केला.

"थांबा बाई. अजून ऐकून राहिलोय."