पत्र्याचे बिल्ले

वेतुरियाबाईंनी उभा जन्म कार्पेथियन पर्वताच्या या एकाच उतारावर, जुन्या ओक वृक्षांचा अभ्यास करण्यात घालवला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आज त्या पहिल्यांदाच वर आल्या, तर समोर नुसते खुंट.

त्यांनी खाली बसून एका खुंटाच्या मुळाशी लागलेला चिखल खरवडला. तोडायच्या झाडाच्या मुळाशी वनाधिकारी आपल्या हातोड्याने शिक्का मारतो. झाड गेलं तरी कोणाचा हातोडा ते कळतं. हा लाझरचा होता. बाईंचा सगळ्यात लाडका विद्यार्थी, आता इथला वनाधिकारी. तो मागेच जीपला टेकून उभा होता.

"मेल्या, फक्त आजारी झाडं तोडायची परवानगी होती ना? दाखव मला यात कुठे कीड आहे ती!"

"ओरडू नका, बाई. शिक्का आहे ना? मग सगळं कायदेशीर आहे."

"आणि एवढ्या रानात तुला नेमके हेच बरे सापडले? सगळ्यात जाड, सगळ्यात निरोगी?"

"शोधायचे कशाला?" लाझरने जीपमधून एक जड पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. आत पत्र्याचे बिल्ले खुळखुळले. अभ्यासासाठी निवडलेल्या प्रत्येक ओकावर बाईंनी स्वतः ठोकलेले, नंबर घातलेले.

"करवतीचे दात जातात म्हणून आधी उपटून घेतले," तो म्हणाला. "एकही ओक चुकला नाही, बाई. तुमचं काम पहिल्यापासून चोख."