अठ्ठावन्न म्हणायचं आणि गप्प बसायचं

शाईच्या कारखान्यात सगळे तिला शेडताई म्हणायचे. खोक्यांवर, पिशव्यांवर, औषधांच्या वेष्टनांवर जी शाई छापली जाते ती हा कारखाना बनवायचा, आणि गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याशी रंग तंतोतंत जुळवणं हे तिचं काम होतं. डब्यातली थेंबभर शाई कागदावर घ्यायची, पातीने खाली ओढायची, पट्टी वाळली की नमुन्याशेजारी धरून डोळे बारीक करायचे. "लाल जास्त झालाय. चिमूटभर पिवळा टाका." असं तिने एकोणीस वर्षं केलं, आणि चिमूटभर म्हणजे नेमका किती हे तिच्या हाताखालच्या कोणालाही कधी नीट कळलं नाही.

मग एका मोठ्या कंपनीने तो कारखाना विकत घेतला. त्यांची स्वतःची प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात होती, त्यामुळे ही बंद झाली आणि शेडताईसकट अकरा जणांना कामावरून कमी केलं गेलं. तीन महिन्यांचा पगार आणि गुळगुळीत कागदावर छापलेलं एक पत्र हातात आलं. पत्रावरचं कंपनीचं निळं चिन्ह जरा जांभळट छापलंय, हे आधी तिच्या लक्षात आलं. नोकरी गेली, हे त्यानंतर.

घरात चार माणसं. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून तो घरी अगदी थंड असायचा. "मिळेल गं," एवढंच म्हणायचा आणि चहा करायला उठायचा. लेक कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आणि सासूबाई, ज्यांनी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. तिथे दिवसभर चिडलेल्या लोकांशी बोलून त्यांचा आवाज असा काही तयार झाला होता, की त्या "एक मिनिट" म्हणाल्या तर समोरचा खरोखर मिनिटभर श्वास धरून थांबत असे.

दीड महिन्याने पहिली मुलाखत आली, भिंतींचे रंग बनवणाऱ्या कंपनीत. मुलाखत घेणाऱ्या माणसाने कामाचं सगळं विचारलं, तिने फटाफट सांगितलं. मग त्याने पेन खाली ठेवलं. "पगाराची अपेक्षा काय आहे?"

आधीच्या ठिकाणी तिला बेचाळीस हजार मिळायचे. "बेचाळीस," ती म्हणाली. तो काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला. "म्हणजे चाळीस असले तरी चालतील," ती म्हणाली. तो तरीही गप्पच. "तसं छत्तीस-पस्तीसपर्यंतही... शिकायलाही मिळेल ना!"

एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईने शिकायला मिळेल म्हणणं, हे त्या माणसालाही जरा चमत्कारिक वाटलं असावं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तीस हजार देऊ, येत्या सोमवारपर्यंत कळवा.

रात्रीच्या जेवणाला हा सगळा संवाद तिने जसाच्या तसा सांगितला. लेकीने घास तोंडाजवळ तसाच धरून ठेवला.

"आई, म्हणजे तो एक शब्द बोलला नाही, आणि तू एकटीनेच सात हजार उतरवलेस?"

"तो बघत होता गं."

"बघायला काय पैसे पडतात त्याला?" सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला, आणि त्याला ठसका लागला. शेडताईलाही हसू आलं, पण मधेच डोळे भरून आले. ती ताट घेऊन उठली. सासूबाई मागोमाग ओट्यापाशी आल्या.

"काय झालं?"

"आई, मला कामावरून कमी केलंय. कमी केलेल्या माणसाने जास्त कोणत्या तोंडाने मागायचं?"

सासूबाईंनी नळ बंद केला. "त्या पत्रात लिहिलंय का, तुझी नजर कमी झाली म्हणून?"

"नाही."

"त्यांच्याकडची एक खुर्ची कमी झाली. नजर तू घरी घेऊन आलीस. इतकी वर्षं ते आकडा लिहून पाठवायचे आणि तू सही करायचीस. स्वतःच्या तोंडाने आकडा कधी काढलाच नाहीस, म्हणून जीभ अडखळते. सवय नाही, दुसरं काही नाही. उद्यापासून सवय करू."

पुढची मुलाखत शुक्रवारी होती, पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात. हातात चार दिवस होते. लेकीने इंटरनेटवर शोधाशोध करून सांगितलं, की अशा कामाला इतक्या अनुभवावर पन्नास ते साठ मिळतात. शेडताईला ते वाचूनच घाम फुटला. नवऱ्याचं म्हणणं पडलं, पन्नास सांगावेत. लेक म्हणाली साठ.

"अठ्ठावन्न," सासूबाईंनी निकाल दिला. "साठ म्हटलं की समोरच्याला वाटतं, उगाच ठोकून दिलंय. अठ्ठावन्न म्हटलं की वाटतं, ही बाई विचार करून आलीय. अठ्ठावन्न म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं वाक्य त्यांचं."

जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली. सासूबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन साहेब बनल्या. लेक ताटली आणि चमचा घेऊन बाजूला बसली. आई आपणहून खाली उतरली की चमचा वाजवायचा, असं ठरलं.

"हं. पगाराची अपेक्षा काय, बाई?"

"अठ्ठावन्न हजार."

सासूबाई बघत राहिल्या. एरवी कधी आवाज न करणारा फ्रिज तेव्हा मात्र घरघरायला लागला.

"...पण आता पन्नास असतील तरी..."

ठण्ण!

"मी पूर्ण बोललेही नव्हते!"

"म्हणूनच वाजवला. पुन्हा."

दुसऱ्या खेपेला ती चार सेकंद टिकली, तिसऱ्या खेपेला सहा. बुधवारी संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा ती अकरा सेकंदांवर पोचली होती आणि घामाघूम झाली होती. त्यालाही साहेबाच्या खुर्चीत बसवलं. तिने "अठ्ठावन्न" म्हणताच तो म्हणाला, "दिले!"

"अहो, तुम्ही लगेच कसे देता? मग माझी तालीम कशी व्हायची?"

"मला काय पटलं ते मी सांगितलं," तो म्हणाला आणि चहा करायला उठला. तो चहा शेडताईला फार आवडला.

शुक्रवारी सकाळी ती खोक्यांच्या कारखान्यात पोचली. खाली छपाईची यंत्रं धडधडत होती, वर जिन्याच्या तोंडाशी मालकांची केबिन. मालक साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर चढवलेला आणि तोच चष्मा टेबलावर शोधत असलेले. खिडकीवरचा पडदा ओढलेला होता, वर दोन ट्यूबलाइट होत्या. टेबलाच्या कडेला साबणाच्या वड्यांची अजून घडी न घातलेली, सपाट हिरवी खोकी रचून ठेवली होती.

बोलणं छान झालं. मालकांनी आधीचा पगार विचारला तेव्हा सासूबाईंनी पढवलेलं उत्तर तिला आठवेना, म्हणून तिने खरं तेच सांगितलं. बेचाळीस.

"आणि आता अपेक्षा?"

"अठ्ठावन्न हजार."

"बेचाळीसवरून अठ्ठावन्न?" मालक मागे रेलले. "उडी मोठी आहे बाई. उकडतंय, नाही?" असं म्हणत त्यांनी हात लांबवून पडदा बाजूला केला आणि खिडकी उघडली.

सकाळचं लख्ख ऊन टेबलावर पडलं. शेडताई तोंड उघडणारच होती, पन्नासचा "प" ओठांवर आलाच होता, आणि तिची नजर त्या खोक्यांवर गेली. आत्तापर्यंत सगळी खोकी एकाच हिरव्या रंगाची दिसत होती. आता खालची गर्द, ताज्या पानासारखी होती, आणि वरची पाच-सहा? वरची चक्क मातकट पडली होती. तिने मान तिरकी केली. डोळे बारीक केले.

"पन्नासपर्यंत मी येऊ शकतो," मालक म्हणाले.

निळा तोच आहे, ती मनाशी म्हणाली. पिवळ्यात गडबड आहे.

मालकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं, बावन्न."

ती हळूच टेबलाच्या कडेला सरकली.

"हे बघा, पंचावन्न. आमच्या फोरमनलाही जवळपास तेवढेच आहेत. याच्या वर मला..."

"ही वरची आणि खालची खोकी एकाच कामाची आहेत का हो?" शेडताईने विचारलं.

मालकांनी कपाळावरचा चष्मा झटकन नाकावर ओढला. "का?"

तिने वरचं एक आणि खालचं एक खोकं उचललं, खिडकीत नेऊन शेजारी शेजारी धरलं. मग पडदा ओढून तीच दोन ट्यूबलाइटखाली धरली. पुन्हा खिडकीत. मालक तिच्या मागे मागे फिरत होते. तिसऱ्या खेपेला ते जिन्याकडे धावले आणि खालच्या धडधडाटात फोरमनला हाक मारली.

फोरमन आडव्या अंगाचा, हातभर शाईचे डाग. "एकच रंग आहे साहेब," तो आत येता येता म्हणाला. "मी स्वतः तपासलाय. ते साबणवालेच उगाच खुसपट काढतायत."

"कुठे तपासलात?" शेडताईने विचारलं.

"खाली. मशीनजवळ."

"ट्यूबलाइटखाली ना? आता इथे या."

फोरमन खिडकीत आला. दोन्ही खोकी त्याने आलटून-पालटून पाहिली. मग म्हणाला, "अरेच्चा!"

"हिरव्यात कोणता पिवळा घातला यावर सगळं असतं," ती सांगू लागली, आणि तिच्या आवाजात आता अडखळणं औषधालाही नव्हतं. "दोन वेगळे पिवळे घेऊन ट्यूबलाइटखाली एकसारखा दिसणारा हिरवा करता येतो. उन्हात मात्र दोघे वेगळे पडतात. मधल्या काळात शाई बदललीत का?"

फोरमनने मालकांकडे पाहिलं, मालकांनी फोरमनकडे. दोन महिन्यांपूर्वी शाई देणारा बदलला होता. नवा जरा स्वस्त होता. तेव्हापासून साबणवाल्यांनी दोनदा माल परत पाठवला होता, आणि इथे कोणालाच कारण सापडत नव्हतं, कारण दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून तो याच केबिनमध्ये, पडदा ओढून, दिव्याखाली निरखला होता.

मालक खुर्चीत बसले. "आणि मी समजत होतो, तुम्ही पगारासाठी अडून गप्प बसलाय! माझा आकडा पंचावन्नवर नेऊन ठेवलात की हो."

"पंचावन्न? कधी?"

"तुम्ही ऐकलंच नाही?"

"पन्नाससुद्धा नाही ऐकले," ती कबूल झाली. मालक असे हसायला लागले की चष्मा पुन्हा काढून डोळे पुसावे लागले. फोरमनही हसला, जरा ओशाळून.

शेडताई खुर्चीत नीट बसली. बाहेर यंत्रं धडधडत होती. आज तिला चक्क भूक लागली होती.

"मी अठ्ठावन्न म्हटलं होतं," ती म्हणाली. आणि या वेळी मुद्दाम, समजून-उमजून गप्प बसली.

फोरमनने छताकडे बघायला सुरुवात केली. मालकांनी टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. अकरा सेकंद केव्हाच होऊन गेले असावेत.

"अठ्ठावन्न," मालक म्हणाले. "पण पहिले तीन महिने परीक्षेचे. आणि हे साबणाचं प्रकरण पहिल्या आठवड्यात निस्तरायचं."

"दहा दिवस द्या. शाई मागवायलाच तीन जातील."

"बरं, दहा."

घरी तिने दार उघडताच सासूबाईंनी विचारलं, "गप्प बसलीस ना?"

"बसले. पण पहिल्यांदा बसले ते तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मला मालक काय बोलतायत ते ऐकूच आलं नाही." आणि तिने सगळं सांगितलं.

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे माझी चार दिवसांची मेहनत पाण्यात?"

"दुसऱ्यांदा बसले ती सगळी तुमची मेहनत."

"किती वेळ बसलीस?"

"फोरमन घामाघूम होईपर्यंत."

सासूबाईंची कळी खुलली. त्यांनी ताबडतोब तीन मैत्रिणींना फोन लावले, आणि तिसरीला सांगेपर्यंत मालकांचा आकडा चाळीसपासून सुरू व्हायला लागला होता. नवऱ्याला कळलं तेव्हा तो शिकाऊ बाईला शेजारी बसवून गाडीत होता. "वा!" तो इतक्या मोठ्याने ओरडला, की त्या बाईनेच घाबरून ब्रेक दाबला.

सोमवारी तिने रंगाच्या कंपनीला नम्रपणे नकार कळवला. त्या माणसाने "पस्तीस केले तर?" असं विचारलं, तेव्हा तिने त्याचे मनापासून आभार मानले आणि फोन ठेवला.

एक तारखेला ती कामावर रुजू झाली. फोरमनने जिन्याखालची अडगळीची खोली रिकामी करून ठेवली होती, कारण तिथे उत्तरेला, दिवसभर सारखा उजेड देणारी एक मोठी खिडकी होती. टेबल मात्र डुगडुगत होतं. त्याने पुठ्ठ्याची घडी करून पायाखाली सारली, दोन्ही हातांनी टेबल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ते पिवळं मला एकदा नीट समजावून सांगा. पण जरा हळू. बाहेर पोरं ऐकतायत."

शेडताईने दोन डबे उघडले, पाती पुसली आणि खुर्ची त्याच्यासाठी खिडकीकडे सरकवली.