तिसरा कॉक

सिंधूनं उलथण्याची धार मोरीच्या फरशीवर टेकवली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. तळहाताएवढा काळा पापुद्रा सुटून आला. त्याच्याखाली आणखी एक थर होताच. नाकावर घट्ट बांधलेल्या पदरातूनही तो आंबूस वास आत घुसला. ती तशीच उठून अंगणात गेली, थुंकली आणि परत येऊन बसली.

"माणूस राहत हुतं का डुकरं?" ती भिंतीला म्हणाली.

साफसफाईचा आज तिसरा दिवस. उदगीरच्या कडेला, प्लॉटिंगच्या शेवटच्या ओळीत दोन खोल्या, मोरी आणि मागं संडास. एवढंच घर, पण स्वतःचं. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि तेवढ्यात सात घरमालक झाले. खिळा ठोकायचा तर विचारा, पाहुणा राहायला आला तर विचारा. नवरा बजरंग धान्याच्या मोंढ्यात मापाडी; त्याच्या कमाईत नवं घर बसणं शक्य नव्हतं. पार्वतम्मा नावाच्या एकट्या म्हातारीचं हे जुनं घर इतक्या स्वस्तात मिळालं, की सिंधूला देव पावल्यासारखं वाटलं होतं. कुलूप उघडलं तेव्हा तिला कळलं, स्वस्त का ते.

ओट्यावर बोटभर मेणचट थर. कोपऱ्यात न धुतलेल्या लुगड्यांचा ढीग वाळून कडक झालेला. संडासाचं दार उघडून तर ती उलट्या पावली फिरली होती. पण सगळ्यात किळसवाणे होते ते डबे. तेलाचे, रंगाचे, बिस्किटांचे, जागा मिळेल तिथं मांडलेले, आणि प्रत्येकात करडं पाणी. वर भाताची शितं तरंगत होती, आत अळ्या वळवळत होत्या. भांडी धुतलेलं पाणी साठवून ठेवायचं, ही कुठली तऱ्हा? एकेक डबा उपसताना तिनं म्हातारीचा उद्धार केला. नळ तर धो धो वाहत होता. शेजारी शेषेरावांच्या आवारात चार घरांची मिळून बोर होती, तिचं पाणी रोज ठरल्या वेळी येत होतं. इतकं पाणी दारात असून ही बाई अशा घाणीत लोळत होती, याचाच सिंधूला संताप येत होता.

पार्वतम्माला तिनं एकदाच पाहिलं होतं, रजिस्ट्रीच्या दिवशी. सगळे टेबलाभोवती आणि ती दाराजवळच्या बाकावर, अंग चोरून. अंगठा द्यायला उठली तेव्हा कुबट वास आला आणि सिंधूनं रुमाल नाकाला लावला. म्हातारीनं ते पाहिलं. मग ती ऑफिसातल्या पाण्याच्या जारपाशी गेली, लागोपाठ तीन ग्लास प्यायली आणि पिशवीतून दोन बाटल्या काढून त्याही भरून घेतल्या.

"फुकटचं दिसलं की सोडायचं न्हाई," सिंधू बजरंगच्या कानाशी म्हणाली होती.

बजरंग हसला नव्हता. तो कागद सारखे करत बसला होता.

दुपारी मोरी एकदाची लख्ख झाली. सगळीकडं फिनेल टाकून ती फरशी धुवायला लागली आणि नेमकं पाणी गेलं. संध्याकाळी बजरंग दूध घेऊन येणार होता, नव्या घरात ते उतू घालायचं होतं. ती शेषेरावांच्या आवारात गेली. म्हातारा लिंबाच्या सावलीत बाजेवर पडला होता.

"काका, घंटाभर जास्त सोडता का? आज दूध उतू घालायचंय."

"हाव, घ्या की. तिसरा कॉक तुमचा. तुम्हीच फिरवा."

बोरपाशी चार घरांच्या पाइपांवर पाणी सोडायचे-तोडायचे चार पितळी कॉक ओळीनं होते. तिसऱ्याच्या पाइपाला एक चिंधी लोंबत होती. हिरवी, बारीक पिवळ्या फुलांची. सिंधूचा हात थांबला. ही साडी तिचीच. फाटल्यावर तिनं बजरंगला गाडी पुसायला दिली होती.

"हे इथं कुणी बांधलं?"

"तुमच्या मालकानंच की. बंद कॉकला बांधली हुती, कुणी चुकून सोडू नये म्हणून. म्हातारी घर इकंना. मालक म्हणले, पाणी तोडलं की आपसूक तयार हुईल. झाली."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून, रजिस्ट्री होईस्तवर. तसं बी बोरचं पाणी चौघात पुरत नव्हतं. त्यात मालकांनी नवी मोटार बसवून दिली."

"मग ती पाणी कुठून आणायची?"

"रस्त्यापल्याड हापसा हाय. गुडघे गेल्यावर तेबी सुटलं. आमच्याकडं मागायला यायची तांब्या घेऊन, पन मालकाला शब्द दिला हुता ना." शेषेराव कुशीवर वळले. "लई स्वच्छ बाई हुती आधी. रोज अंगण सारवायची."

सिंधूनं कॉक सोडला नाही. चिंधी सोडवून मुठीत घेतली आणि ती घरी आली. लख्ख मोरीकडं तिला बघवेना. रुमाल नाकाला लावलेला तो आपलाच हात आठवला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

दिवेलागणीला बजरंग आला. एका हातात दूध, दुसऱ्यात पेढ्याचा पुडा. दारातच त्यानं लांब श्वास घेतला.

"वास गेला बघ पार. तूच करू जाणे."

सिंधूनं गॅस पेटवला, दूध ठेवलं आणि शेजारी ओट्यावर चिंधी ठेवली. बजरंगनं चिंधीकडं पाहिलं, मग पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडत बसला. दोरा सुटल्यावर म्हणाला,

"म्हातारी लेकाकडं गेली बीदरला. सुखात हाय."

"तुम्ही बघून आलात?"

"तुझ्यासाठीच केलं. अजून किती दिवस लोकांच्या भिंतीत खिळा ठोकायला विचारत राहायचं?"

खोटं नव्हतं ते. भाव ऐकून तिनंही एकदासुद्धा विचारलं नव्हतं, की इतकं स्वस्त का?

दूध कडेनं फुगत वर आलं. साय थरथरली, काठाला लागली. सिंधूनं गॅस बंद केला.

"अगं, उतू जाऊ द्यायचं असतं."

दूध हळूहळू खाली बसलं. सिंधूनं कमरेला खोचलेला पदर ओढून काढला आणि पुन्हा नाकावर बांधला. घरात फिनेलशिवाय कसलाच वास नव्हता.