चौकोन एकतीस

चौकोन १.
आभाळ. मास्तर, म्हणजे शेजारचे पाट्या रंगवणारे, म्हणाले, "बाकीचं झाका. अख्खं चित्र बघितलंत की मनातलंच शेत काढाल."
पुस्तकातल्या त्या नामांकित चित्रावर त्यांनी पेन्सिलीने अठ्ठेचाळीस चौकोन आखले. तेवढेच माझ्या कागदावर; एकेक बघून तसाच काढायचा.

चौकोन २ ते ११.
अजून आभाळच. तोवर कारण सांगते. याच चित्राची छापील प्रत चाळीस वर्षं बाबांच्या पलंगासमोर होती. भिंत रंगवायची म्हणून मी ती उतरवायला गेले. कागद ओलीने भिंतीला चिकटलेला. चिंध्याच हातात आल्या. बाबांनी कूस बदलली ती खिडकीकडे, आणि तशीच ठेवली.

चौकोन १९.
शेत. मी शिवणकाम करणारी.
"शिंपीणबाई, गवत काढताय की काजं करताय?"
"तुमच्या अक्षरांपेक्षा सरळ आलंय."
"तेच म्हणतोय. गवत सरळ नसतं."

चौकोन ३१.
शेताकडेचं घर, छप्पर, वर नुसतं गवत. पुस्तकाबरहुकूम.

चौकोन ४८.
झालं. भिंतीवर लावलं. बाबा या कुशीवर वळले. बराच वेळ बघत राहिले.
"छान काढलंयस गं. पण हे आपलं नाही."
"तेच आहे बाबा. रेघन् रेघ."
"आपल्या चित्रात छपरावर धूर होता."
मी पुस्तक उघडलं. धूर नव्हता.
मग त्यांनीच सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आईने चित्र ओल्या फडक्याने पुसलं. रंग निघाला, छपरावर पांढरा डाग पडला. ती रडवेली झाली, तेव्हा बाबा म्हणाले, अगं, त्या घरात कुणीतरी चहा ठेवलाय. पुढे रोज सकाळी, ती जाईपर्यंत, आई विचारायची, "त्यांचा झाला. आपला ठेवू?"

पुन्हा चौकोन ३१.
मास्तरांना बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. चित्र बाबांच्या पलंगाशेजारी टेबलावर घेतलं, मी पांढरा रंग कालवायला लागले.
"ब्रश ठेवा," मास्तर म्हणाले. "आईंनी कशानं केलं होतं?"
फडकं भिजवलं, पिळलं.
"जलरंग आहे, निघेल. पण एकदाच. दुसऱ्यांदा फिरवलंत तर छप्परही जाईल."
दोन महिन्यांचं काम. श्वास धरला आणि पुसलं.
बाबा उशीवरून मान लांब करून बघत होते.
"जरा जास्तच पुसलंस," म्हणाले. "तिच्यासारखंच."
चित्र परत भिंतीवर गेलं. मास्तर निघायला लागले, तर बाबांनी हातानेच त्यांना बसवलं. नजर भिंतीवर.
"त्यांचा झाला वाटतं," ते मला म्हणाले. "आपला ठेव."