पांढऱ्या पिशवीतला घड

विषय : हॉटेलच्या तरणतलावाकाठी उभी असलेली खजुरी कापून तिचा भुसा करण्याऐवजी ती अर्जदार बाईंना घरी नेऊ देण्याबाबत.

वरील विषयातली खजुरी ती मीच. अर्ज माझ्यासंबंधी आहे, पण माझं म्हणणं कोणी विचारलेलं नाही. झाडाला विचारण्याची पद्धत नाही. तेव्हा ते इथेच सादर करते.

माझा जन्म मेक्का गावच्या खजूरबागेतला. हे मेक्का कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं. इथे यात्रेला कोणी येत नाही, मजुरीला येतात. केळीला मुनवा फुटतो तशी मी आईच्या बुंध्याशी फुटले. बागेत कामाला असलेल्या फिदेन्सियोने मला तिच्यापासून सोडवलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि पाटाच्या कडेला लावलं. त्याची बायको चायो तेव्हा नवी नवरी होती. पाणी घालता घालता म्हणाली, "ही जगली तर माझी हं!"

"तुझी, आणि बाग मालकाची," फिदेन्सियो म्हणाला. दोघंही हसली. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग विनोद नव्हता, हे पुढे कळलं.

मी जगले. खजुरींमध्ये नर वेगळा, मादी वेगळी, आणि बागेत त्यांचं लग्न वाऱ्याच्या भरवशावर सोडत नाहीत, माणूस लावतो. वसंतात माझी पोय, म्हणजे फुलोरा, फुटली की फिदेन्सियो शिडीने वर यायचा, काटे छाटायचा, नराच्या फुलांच्या काड्या माझ्या घडात खोचून दोऱ्याने बांधायचा. "घे पोरी, स्थळ आणलंय. नाव ठेवायला जागा नाही," असं दर वर्षी म्हणायचा. स्थळ दर वर्षी तेच. उन्हाळा सरता सरता घडांना रंग चढला, की प्रत्येक घडावर पांढरी कापडी पिशवी चढवायची, तोंड आवळून बांधायचं. पाखरांपासून आणि अवकाळी सरीपासून जपायचं म्हणून. पहिली ओंजळ चायोची. ती झाडाखालीच बसून खायची आणि बिया पदरात घेतल्यासारख्या एप्रनात ठेवायची.

मग मालकाने बाग विकली. तिथे बंगले झाले. आम्ही खजुरी मात्र विकल्या गेलो उभ्याच, आणि निघालो आडव्या, लॉरीवर झोपून, पाम स्प्रिंग्जच्या हॉटेलांकडे. बाग गेल्यावर फिदेन्सियोही त्याच हॉटेलात माळी म्हणून लागला. चायो खोल्या झाडायला लागली. दोघं मेक्कातल्या आपल्या पत्र्याच्या घरातून रोज ये-जा करू लागली.

शुक्रवारी दुपारपासून शहरातली माणसं येतात. व्यवस्थापक गॅरेट हसतमुखाने प्रत्येकाला तेच सांगतो, "दोनच दिवस आहेत, एक क्षणही वाया घालवू नका!" म्हणजे काय करायचं? सकाळी तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचं आणि थंडी वाजते म्हणून खाली यायचं. दुपारी गाडीतून जुन्या नटनट्यांची घरं बघायची, म्हणजे बंद फाटकं बघायची. संध्याकाळी घळीत फिरायला जायचं आणि अर्ध्यातून परतायचं. उरलेला सगळा वेळ तलावाकाठी. पहाटे येऊन खुर्चीवर टॉवेल टाकून ठेवतात आणि पुन्हा झोपायला जातात. टॉवेल दुपारपर्यंत एकटाच ऊन खातो. वाळवंट बघायला आलेली ही माणसं दोन दिवस पाणी बघतात, आणि रविवारी लालबुंद होऊन, खजुराचा एक डबा विकत घेऊन परततात.

माझं काम त्यांच्या फोटोत मागे उभं राहणं. फळ धरायला मनाई. खजूर पडला की फरशी चिकट होते, माशा येतात, पाहुणा घसरतो. म्हणून वसंतात पोय फुटली की ती कापायची. कापायला कोण? फिदेन्सियोच. पहिल्या वर्षी करवत लावण्यापूर्वी तो म्हणाला, "माफ कर, पोरी." दुसऱ्या वर्षी काही बोलला नाही. माणसाला सवय होते. मला झाली नाही.

खोल्यांमध्ये स्वागताची बशी असते, तिच्यात डब्यातले खजूर असतात. "अय्या, किती गोड! इथलेच का हो?" बायका विचारतात.

"अगदी इथलेच," असं म्हणून गॅरेट माझ्याकडे बोट दाखवतो.

मागच्या वसंतात चायो टॉवेलांचा ढीग घेऊन चालली होती. फिदेन्सियो शिडीवर माझी पोय कापत होता. ती थांबली. "म्हाताऱ्या, तुला आठवतं का, हिचं लग्न तू लावायचास?"

"आठवतं."

"आणि आता?"

"आता पगार घेतो. तूही घेतेस."

"मी चादरी बदलते. कुणाच्या पोटात करवत घालत नाही."

फिदेन्सियोने बाकीचं कापलं. पण मागच्या बाजूचा, भिंतीकडचा एक घड त्याने राखला. दुसऱ्या दिवशी कुठूनशा नराच्या काड्या आणल्या, खोचल्या, बांधल्या. स्थळाबद्दल मात्र या वेळी काही बोलला नाही.

झावळ्यांच्या आड तो घड कुणाला दिसला नसता. आभाळाकडे बघायला इथे कोणाला सवड नाही. पण उन्हाळ्याअखेर त्याला रंग चढला आणि फिदेन्सियोच्या हातांनी घात केला. पिशवी न बांधता पिकता घड सोडून खाली उतरणं त्या हातांना येतच नव्हतं. त्याने पांढरीशुभ्र पिशवी चढवली, तोंड आवळलं आणि मग समाधानाने शिडी काढून घेतली. चायोने खालून बघितलं मात्र, कपाळाला हात लावला. "अरे देवा! अख्ख्या गावाला दिसेल असं निशाण लावलंस!"

"पाखरं खातील गं," तो म्हणाला.

त्या शनिवारी एक मुलगी, लग्न ठरलेली, मैत्रिणींचा घोळका घेऊन तलावावर आली. सगळ्यांच्या अंगावर पांढरे कपडे.

"अगं, ते वर काय लटकतंय?"

"मधमाश्यांचं पोळं बांधून ठेवलंय बहुतेक!"

"शी! मेलेलं काहीतरी असेल!"

किंकाळी ऐकून गॅरेट धावत आला. "काढ ते! आत्ता!" फिदेन्सियो म्हणाला, "साहेब, आठवडाभर थांबा. अजून पुरता पिकला नाही." हे उत्तर त्याला फार महागात पडलं. गॅरेटने दुसऱ्याच माणसाला वर चढवलं. त्याने देठ तोडला आणि घड धरायचं सोडून पिशवीचा दोरा कापला. माझा हॉटेलातल्या इतक्या वर्षांतला एकुलता एक घड तलावात, फरशीवर आणि नवरीच्या कपड्यांवर पडला. खजूर पडला म्हणून तलाव उपसला. वाळवंटातच हे घडू शकतं. संध्याकाळी त्याच मुली गावात खजूर घातलेलं थंड दूध प्यायला रांगेत उभ्या राहिल्या. तिथलं ते प्रसिद्ध आहे. प्यायल्याशिवाय सहल पुरी होत नाही म्हणतात.

चायोने फरशीवरचे खजूर वेचले आणि एप्रनात घातले. गॅरेट म्हणाला, "कचऱ्यात टाक." ती म्हणाली, "टाकते." टाकले नाहीत.

पुढे ठरलं, की फळ धरणारं झाड धोक्याचं. माझ्या जागी लोखंडी खजूर बसवायचा, रात्री दिवे लागणारा. त्याला पोय फुटत नाही. माझ्या खोडावर लाल फुली मारली. फिदेन्सियोला बागेतून काढून तळघरात टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं. त्याचे हात आता नुसत्या कापडाला लागतात.

आणि चायोने अर्ज केला. घरामागे जागा आहे, भाऊ क्रेन आणेल, हॉटेलला कसलाही त्रास होणार नाही, कापून टाकायचीच आहे तर आम्हाला द्या. ही जगली तर माझी, असं फार पूर्वी ठरलं होतं, हे मात्र तिने अर्जात लिहिलं नाही. अर्जात अशा गोष्टी ग्राह्य धरत नाहीत.

"वरती पाठवलाय," गॅरेट म्हणाला. वरती म्हणजे दुसऱ्या राज्यातले कुणी मालक. त्यांनी मला पाहिलेलं नाही. चायो दर शुक्रवारी विचारते. तो म्हणतो, "एवढा शनिवार-रविवार जाऊ दे, चायो." इथे प्रत्येक आठवड्याला शनिवार-रविवार असतो.

वाचणाऱ्यांनो, कधी दोन दिवसांसाठी इकडे आलात, तर टॉवेल टाकण्यापूर्वी एकदा मान वर करून बघा. एवढीच विनंती. मी नसले तर दिवे दिसतील.

यंदाची पोय फुटली आहे. कापायला अजून कोणी आलेलं नाही, आणि स्थळ घेऊनही कोणी आलेलं नाही. अर्ज विचाराधीन आहे.