माझ्या चाकाची करकर

आसावर गंज चढला की चाक फिरताना धातू धातूवर घासतो आणि आवाज होतो. माझ्या चाकांपैकी एकच करकरायचं, तेही मला डावीकडे ओढलं तरच. मित्रांनो, मी एक जुना घडीचा पडदा आहे. लोखंडी नळ्यांची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं हिरवं कापड, एवढाच माझा देह.

वेल्डिंगच्या कारखान्यातून मी थेट एका मोठ्या दवाखान्यात गेलो. खाटेभोवती मला उभं केलं की रोगी निर्धास्त होत. पण कापड नजर अडवतं, आवाज अडवत नाही. एकदा माझ्यामागे डॉक्टरांनी एका तरुणाला विचारलं, "पुरुषांशी संबंध आहेत का?" साऱ्या वॉर्डाच्या माना वळल्या. तो तरुण पुन्हा आला नाही. पुढे माझं कापड फाटलं आणि मी जिन्याखाली धूळ खात पडलो.

तिथून मला दादांनी उचलून आणलं. दादा आरोग्य कार्यकर्ते. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष दवाखान्यात जायला कचरतात. दादा त्यांच्यातलेच, म्हणून त्यांना ते ठाऊक होतं. छापखान्याच्या वरच्या एका खोलीत ते बोटातून रक्ताचा थेंब घेऊन एचआयव्हीची तपासणी करत. निरोध कसा वापरायचा, संसर्ग टाळणारी गोळी कोणी घ्यावी, हे समजावून सांगत. संसर्ग निघालाच तर औषधं सुरू होईपर्यंत सोबत जात. माझं नवं कापड मावशीने शिवलं. मावशी म्हणजे पांढऱ्या मिशांचा एक शिंपी. हे नाव त्याला मित्रांनी ठेवलं होतं आणि तो ते मिरवत असे.

खोलीत माझ्या अलीकडे बाक आणि चहाची किटली, पलीकडे दादांचं टेबल. पहिल्यांदा मला ओढलं तेव्हा चाक करकरलं आणि मावशी ओरडला, "अगं बाई, हिला संधिवात झालाय!" बाकावर हशा पिकला. त्या गोंगाटात पलीकडचा माणूस मनातलं सगळं बोलून गेला. तेव्हापासून रीतच पडली. करकर ऐकू आली की बाकावरच्यांनी गलका करायचा. भांडायचं, गायचं, काहीही. त्या चाकाला कोणी कधी तेल दिलं नाही.

मग एक मेकॅनिक येऊ लागला. त्याच्या जोडीदाराला एचआयव्हीचा संसर्ग निघाला होता. औषधं घेऊन जोडीदार ठणठणीत होता आणि याच्यामागे लागला होता, की तूही तपासून घे. मेकॅनिक मात्र बाकावर बसून एका मित्रासाठी चौकशी करायचा. उत्तर मिळालं की गळका नळ दुरुस्त करायचा, पंखा उतरवून साफ करायचा आणि निघून जायचा.

"मित्राला घेऊन ये की एकदा," दादा म्हणत.

"त्याला सवड नसते."

"भलताच कामाचा माणूस बाई!" मावशी म्हणे. "तोवर माझं शिलाई मशीन तरी बघ."

मशीनही झालं. एका दुपारी खोलीत कोणी नसताना त्याने मला आडवं केलं. बिघडलेल्या वस्तूचा आवाज त्याला सहन होत नसे. त्याने गंज खरवडला, चाक पुसलं, तेल सोडलं. माझी इतकी निगा आजवर कोणी राखली नव्हती. मित्रांनो, दिसेल ती वस्तू दुरुस्त करणारे हात स्वतःच्या देहाकडे वळायला इतके का घाबरतात, हे मला कळत नाही. ते वळावेत एवढंच मागणं.

पुढच्या खेपेला तो बाकावर टेकला नाही. सरळ टेबलापाशी गेला आणि हळूच म्हणाला, "पडदा ओढा."

दादांनी मला डावीकडे ओढलं. मी आवाज न करता सरकलो. बाकावर कोणालाच पत्ता लागला नाही. सगळे निवांत चहा पीत होते. खाली छापखानाही बंद होता.

"माझा एक मित्र..." मेकॅनिक म्हणाला आणि थबकला. त्याचे शब्द खोलीभर ऐकू गेले होते. पलीकडे कोणीतरी कप खाली ठेवला. त्याने वाकून माझ्या चाकाकडे पाहिलं. गलका का होत असे, ते त्याला आत्ता उमगलं.

"थांब, मी सांगतो त्यांना," दादा कुजबुजले.

तेवढ्यात मावशीच्या ध्यानात आलं. "अगं बाई, किती गरम होतंय गं!" तो घाईघाईने ओरडला. पण हसायचं कोणाला सुचलं नाही.

"राहू दे मावशी," मेकॅनिक मोठ्याने म्हणाला. "दादा, मित्र वगैरे कोणी नाही. माझी तपासणी करा."